कोणाच्या यादीत नाव? युद्धक्षेत्रात अडकलेल्यांच्या सुटकेचा आढावा

घरातले कोणीच आखातात नाही, बोटीवर नाही की परदेशी शिकायला नाही, अशी घरे डिचोली आणि पेडणे तालुक्यांत हळूहळू कमी होत चालली आहेत. मांडवीकाठच्या आमोण्यातही तेच. बेताळाचे देऊळ, खांडोळ्याला जोडणारा पूल, पिग आयर्नचा कारखाना आणि खनिजाच्या बार्जी ही या गावाची बाहेरच्यांना ठाऊक असलेली ओळख. खाणी २०१२ साली बंद पडल्या आणि मध्यंतरी सुरू होऊन मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. तेव्हा ट्रकवरचे, बार्जीवरचे, वर्कशॉपमधले हात रिकामे झाले आणि ज्यांना जमले त्यांनी बाहेरची वाट धरली. टीव्हीवर एखाद्या शहराच्या आकाशात क्षेपणास्त्रे दिसू लागली की इकडून फोन सुरू होतात, ‘थंय कशें आसा?’ पलीकडून उत्तर बहुधा ठरलेले असते, ‘आमकां कांय ना, तुमी भियेनाकात.’

पुढचे काही दिवस विमान कधी येणार, बस कुठून सुटणार, दूतावासाच्या यादीत नाव आले का, घरात खायला किती उरले आहे, एवढ्याचीच चौकशी चालते. या प्रतीक्षेविषयी आपल्याकडे गेल्या साडेतीन दशकांत बरेच बोलले गेले. बातम्या झाल्या, सिनेमा झाला, न्यायालयात याचिका झाल्या. तरी वादाचे मुद्दे विखुरलेलेच राहिले. ते एकत्र मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

वेढ्यातला गोवा

गोव्यापुरता या प्रश्नाचा आरंभ परदेशात झालेला नाही, तो घरातच झाला. १९५४-५५ पासून भारत सरकारने पोर्तुगीज राजवटीभोवती आर्थिक नाकेबंदी आवळत नेली. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पेडण्यातल्या पत्रादेवीसह सीमेवर ठिकठिकाणी पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले आणि त्यानंतर सीमा जवळपास मिटल्याच. रेल्वे थांबली. १ सप्टेंबर १९५५ ला भारताने गोव्यातली आपली वकिलात बंद केली. मुंबईतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर निर्बंध आले. पेडण्याची सोयरीक बांदा, सावंतवाडी, शिरोड्यापर्यंत पसरलेली. लेक पलीकडे दिलेली आणि मध्ये पोलिसांचे ठाणे, अशी अवस्था कितीतरी घरांची झाली.

या नाकेबंदीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आजही शिल्लक आहेत. एका बाजूचे म्हणणे, गोळी न झाडता साम्राज्यसत्तेवर दबाव आणण्याचा तोच एक मार्ग होता आणि सालाझार सरकारने जगभरातून माल आणून टंचाई फारशी भासू दिली नाही. बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचे, अशी ती बाजारपेठ होती. शिवाय याच काळात खनिजाची निर्यात वाढली आणि डिचोली परिसरात रोजगार आला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, राजवटीला झळ लागली नाही, ती लागली मुंबईच्या पगारावर चूल पेटणाऱ्या घरांना. दोन्हीत तथ्य आहे. नाकेबंदीचा भार नेमका कोण वाहतो, हा प्रश्न पुढे इराकवरच्या निर्बंधांत आणि गाझात पुन्हा विचारला गेला, म्हणून ही जुनी गोष्ट इथे आधी मांडली.

डिसेंबर १९६१ मध्ये प्रत्यक्ष युद्धाची चाहूल लागली तेव्हा मुरगाव बंदरात ‘इंडिया’ नावाची प्रवासी बोट आली. तिमोरहून लिस्बनला निघालेली. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी लिस्बनचा आदेश बाजूला ठेवून सुमारे ७०० युरोपीय पोर्तुगीज नागरिकांना तिच्यावर चढू दिले. बोटीची क्षमता ३८० प्रवाशांची. माणसे मिळेल त्या कोपऱ्यात, अगदी स्वच्छतागृहांतसुद्धा, बसून गेली. १८ डिसेंबरला दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले, तरी त्याच रात्री दोन नागरी विमाने अंधारात कराचीकडे निसटली. इकडे उत्तरेत माघार घेणाऱ्या पोर्तुगीज तुकड्यांनी १८ च्या पहाटे डिचोली, अस्नोडा आणि शापोरा इथले पूल उडवून दिले. स्थानिक माणसाने कुठे जावे याचा विचार सुटकेच्या किंवा माघारीच्या कोणत्याच योजनेत नव्हता. युद्ध दीड दिवसात संपले आणि शहरे बेचिराख करण्याचा आदेश वासालो इ सिल्व्हा यांनी पाळला नाही, म्हणून त्या उणिवेची फार मोठी किंमत मोजावी लागली नाही. आधी कोणाला न्यायचे हे पासपोर्टावर आणि वंशावर ठरले. १९४२ साली ब्रह्मदेशातून लाखो भारतीय पायी परतले तेव्हाही हेच घडले होते. त्यातले हजारो वाटेतच गेले, आणि गोऱ्यांसाठी राखलेल्या सोयी त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत.

कुवेत, १९९०

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतले तेव्हा तिथे सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. गोमंतकीयांची वस्ती मोठी आणि जुनी. कारकून, परिचारिका, तेल कंपन्यांतले कामगार, गाड्यांचे फिटर, घरकाम करणाऱ्या बायका, सगळे त्यात होते. बँका बंद झाल्या. इराकने कुवेती दिनार आधी आपल्या दिनाराच्या बरोबरीला आणला आणि मग चलनातूनच काढून टाकला. आयुष्यभराची पुंजी रातोरात रद्दी झाली.

पुढे काय झाले ते बहुतेकांना आकड्यांत ठाऊक आहे. एअर इंडियाने १३ ऑगस्टपासून सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणांतून एक लाख दहा हजारांहून अधिक माणसे आणली आणि नागरी विमानसेवेने केलेली सर्वांत मोठी सुटका म्हणून तिची जागतिक विक्रमात नोंद झाली. पण ही विमाने कुवेतहून सुटत नव्हती. ती सुटत होती जॉर्डनच्या अम्मानहून. कुवेत, बसरा, बगदाद आणि पुढे वाळवंटातून जॉर्डनची सरहद्द, असा हजार किलोमीटरहून अधिक बसप्रवास आधी करावा लागे. सरहद्दीवर इराक आणि जॉर्डन यांच्यामधल्या उजाड पट्ट्यात तंबू. दिवसा भाजणारे ऊन, रात्री थंडी, पाण्याच्या टँकरपुढे रांग, आणि अनेक देशांची माणसे आपापल्या विमानाची वाट पाहत बसलेली. कुवेतच्या सुटकेचे सगळ्यांत कठीण दिवस इथेच गेले. विमानात बसल्यावर प्रश्न जवळपास सुटलेलाच होता.

मदतीची बाजू त्याहून कमी सांगितली जाते. सुरक्षा परिषदेने ६ ऑगस्टला ६६१ क्रमांकाच्या ठरावाने इराक आणि व्यापलेल्या कुवेतवर निर्बंध घातले. त्यामुळे अडकलेल्या भारतीयांसाठी धान्य पाठवायचे तरी निर्बंध समितीची परवानगी लागणार होती. भारताने ती मागितली. १३ सप्टेंबरच्या ६६६ क्रमांकाच्या ठरावाने मानवतेच्या कारणासाठी अन्न पाठवण्याची चौकट घातली आणि ‘विश्व सिद्धी’ या जहाजाला धान्य घेऊन जायला मोकळीक मिळाली. स्वतःच्याच माणसांना तांदूळ पोचवायला न्यूयॉर्कमधल्या एका समितीचा शिक्का लागतो, हे तेव्हा पहिल्यांदाच ठळकपणे समोर आले.

श्रेयाचा वाद २०१६ साली ‘एअरलिफ्ट’ चित्रपटामुळे पेटला. चित्रपटातला उद्योजक नायक काल्पनिक होता आणि सरकारी अधिकारी निष्क्रिय दाखवले होते. परराष्ट्र खात्यातल्या आणि एअर इंडियातल्या त्या वेळच्या मंडळींनी हरकत घेतली. त्यांच्या मते तेव्हाचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले नसते, सद्दाम हुसेनशी त्यांनी बोलणी केली नसती, तर एकही बस सुटली नसती. त्या भेटीतल्या आलिंगनाचे छायाचित्र जगभर टीकेचा विषय झाले, तेही याच सौद्याची किंमत होती. दुसऱ्या बाजूला, कुवेतमधल्या भारतीय समाजाने शाळांत छावण्या उघडल्या, धान्य वाटले, याद्या केल्या, बस ठरवल्या, हेही तितकेच खरे. माझे मत विचाराल तर हा वाद उगाच लांबवला गेला. सरहद्द उघडणे सरकारच्याच हातात होते आणि त्या सरहद्दीपर्यंत माणसे जिवंत पोचवणे समाजाच्या.

नंतरच्या मोहिमा

कुवेतनंतरची साखळी मोठी आहे. लेबनॉन २००६, लिबिया २०११ (सुमारे १५ हजार भारतीय), येमेन २०१५, युक्रेन २०२२, सुदान आणि इस्रायल २०२३, इराण आणि इस्रायल २०२५. येमेनमध्ये ‘ऑपरेशन राहत’ने ४,६४० भारतीयांबरोबर ४१ देशांच्या ९६० नागरिकांनाही बाहेर काढले. बॉम्बफेक करणाऱ्या सौदी अरेबियाने विमानांना रोज काही तासच वाट दिली होती. सुदानमध्ये खार्टुमहून पोर्ट सुदानपर्यंत बसने आणि तिथून जिद्दाला नौदलाच्या जहाजाने किंवा हवाई दलाच्या विमानाने, अशी वाट होती. एप्रिल २०२३ च्या एका रात्री हवाई दलाचे विमान वादी सय्यिदनाच्या दिवे नसलेल्या धावपट्टीवर उतरले आणि १२१ जणांना घेऊन निघाले. जून २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंधू’साठी इराणने आपले बंद आकाश भारतीय विमानांपुरते उघडले, आणि उर्मियाहून विद्यार्थ्यांची तुकडी रस्त्याने आर्मेनियात नेली गेली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते. लढणाऱ्या दोन्ही पक्षांशी बोलता येईल असा देश असणे, हे भारताचे सर्वांत मोठे साधन ठरले. म्हणून सुटकेची चर्चा परराष्ट्र धोरणापासून तोडून करता येत नाही. तटस्थ राहण्यावर ज्यांचा आक्षेप आहे तेही हा फायदा नाकारत नाहीत.

हक्क की धोरण?

आता वादाचा गाभा. युद्धक्षेत्रात अडकलेल्या नागरिकाला सरकारने आणलेच पाहिजे, असा हक्क आहे का?

सरकारी भूमिका अशी की ही जबाबदारी भारत नेहमी पार पाडत आला आहे, पण ती कायद्याच्या चौकटीत बांधणे व्यवहार्य नाही. परकीय भूमीवर विमान उतरवायला त्या देशाची परवानगी लागते, युद्धविराम कोणी तरी तिसराच जाहीर करतो. तेव्हा न्यायालयात लागू करता येईल असा हक्क देणे म्हणजे जे आपल्या हातात नाही त्याची हमी देणे. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधल्या विद्यार्थ्यांसाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनीही विचारले की युद्ध थांबवा असा आदेश न्यायालय रशियाच्या अध्यक्षांना कसा देणार.

याउलट दुसरा पक्ष घटनेच्या २१ व्या कलमाकडे बोट दाखवतो. जगण्याचा हक्क सरहद्दीवर संपत नाही. युद्ध थांबवा असे कोणी म्हणत नाही, पण यादी करा, सूचना वेळेवर द्या, खर्च कोणी करायचा ते आधी सांगा, एवढे तरी बंधनकारक असावे, अशी ही मागणी आहे. आंतरराष्ट्रीय कायदाही इथे फारसा उपयोगी पडत नाही. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने वकिलातीला आपल्या नागरिकांच्या हिताचे रक्षण करण्याचा अधिकार दिला, त्या नागरिकाला तशी मागणी करण्याचा हक्क दिला असे म्हणता येत नाही. १९४९ चा चौथा जिनिव्हा करार परक्या नागरिकांना युद्धातला देश सोडून जाऊ देण्याविषयी बोलतो. पण तटस्थ देशाचा दूतावास तिथे नेहमीप्रमाणे सुरू असेल तर त्या देशाच्या नागरिकांना हाच करार ‘संरक्षित व्यक्ती’ मानत नाही, त्यांचे त्यांच्या दूतावासाने बघावे, असे धरून चालतो. खार्किवच्या तळघरात बसलेला भारतीय विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने असा मधल्या जागेत होता.

खर्चाविषयी भारताची प्रथा उदार आहे. २००९ साली स्थापन झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी अशा वेळी वापरता येतो आणि अलीकडच्या मोहिमांत प्रवाशांकडून भाडे घेतले गेले नाही. अमेरिका मात्र सहसा आपल्या नागरिकाला विमानात बसवण्याआधी परतफेडीच्या वचनचिठ्ठीवर सही घेते. भारतानेही ऐपत असणाऱ्यांकडून पैसे घ्यावेत, अशी सूचना अधूनमधून येते. आतापर्यंत कोणत्याही सरकारने ती उचललेली नाही.

‘सांगितले होते, निघाले नाहीत’

प्रत्येक मोहिमेनंतर ही तक्रार ऐकू येते. कीव्हमधल्या दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ ला पहिली सूचना काढली, युद्ध सुरू झाले २४ ला. मग पोरे राहिली कशाला?

ती सूचना वाचली की अडचण कळते. राहणे आवश्यक नसेल तर तात्पुरते जाण्याचा विचार करावा, असा तिचा सूर होता. आवश्यक म्हणजे काय, हे ज्याने त्याने ठरवायचे. विद्यापीठे ऑनलाइन वर्ग द्यायला तयार नव्हती, गैरहजेरी लागली तर वर्ष जाण्याची भीती होती, आणि तिकिटांचे दर एकदम चढले होते. कर्ज काढून मुलाला वैद्यकीय शिक्षणाला पाठवलेला बाप अशा सूचनेवर दोन-तीन महिन्यांचा हप्ता उधळत नाही. अधिकाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. अधिक कडक शब्द वापरले तर यजमान देश नाराज होतो, घबराट पसरते, आणि युद्ध झाले नाही तर लोक दूतावासालाच दोष देतात.

१ मार्चला खार्किवमध्ये किराणा आणायला रांगेत उभा असलेला हावेरी जिल्ह्यातला विद्यार्थी तोफमाऱ्यात मारला गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाने खार्किव ताबडतोब, गरज पडल्यास चालत, सोडायला सांगितले. सुमीमध्ये तर नळ आटले, तेव्हा मुलांनी बाहेर पडलेला बर्फ बादल्यांत भरून, वितळवून पाणी केले. शेवटी ८ मार्चला सुमारे ७०० जणांना बसने पोल्टाव्हाकडे हलवता आले. ‘ऑपरेशन गंगा’त एकूण साडेबावीस हजार परतले. हा आकडा मोठाच आहे. पण त्यातले बरेचसे आधी स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या पैशांनी पोलंड, रुमानिया, हंगेरीच्या सरहद्दीपर्यंत गेले होते, हेही त्याच हिशेबात मांडायला हवे.

यादीत नाव असण्याचे महत्त्व २०१४ साली इराकमधल्या मोसुलमध्ये कळले. तिथे अपहरण झालेल्या ३९ भारतीय मजुरांचे काय झाले, हे निश्चित सांगायला मार्च २०१८ उजाडावा लागला. तिक्रितमधल्या ४६ परिचारिका मात्र जुलै २०१४ मध्येच कोचीला सुखरूप उतरल्या. मजूर एजंटांमार्फत गेलेले, परिचारिका सतत फोनवर. १९८३ चा स्थलांतर कायदा ठरावीक देशांना जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारांची नोंद मागतो. दहावी झालेल्याला ती सक्ती नाही. २०१८ च्या अखेरीस सरकारने त्यांनाही नोंदणी सक्तीची करायचे ठरवले आणि विरोध होताच ते स्थगित ठेवले. प्रवासाच्या स्वातंत्र्यावर घाला, असे एका बाजूचे म्हणणे. संकटात शोधायचे कसे, असे दुसऱ्या बाजूचे. केरळने १९९८ पासून ठरावीक अंतराने स्थलांतराची पाहणी चालवली आहे. गोव्यात असा अभ्यास २००८ साली झाला. त्यानंतर खाणी बंद पडल्या, आखाताची वाट बदलली, क्रूझ बोटींवरची भरती वाढली.

बोटीवरचे

गोव्याच्या दृष्टीने सर्वांत कमी चर्चा झालेला आणि सर्वांत गुंतागुंतीचा भाग हा. जमिनीवर अडकलेल्याने बस पकडावी, असे म्हणता येते. बोटीवरच्याला ते नाही. बोट बंदरात बांधलेली असली तरी तिच्यावर ठरावीक संख्येने खलाशी असलेच पाहिजेत, नाही तर ती सोडून दिल्यासारखी होते. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा, माल तिसऱ्याचा, भरती करणारा एजंट मुंबईचा किंवा वास्कोचा. मग फोन करायचा कोणाला?

२०२२ मध्ये युद्ध पेटले तेव्हा युक्रेनच्या बंदरांत शंभराच्या आसपास बोटी आणि त्यांवरचे सुमारे दोन हजार खलाशी अडकले. मायकोलाइव्ह बंदरातच ७५ भारतीय होते. तिथल्याच ओल्व्हियात २ मार्चला ‘बांगलार समृद्धी’ या बांगलादेशी जहाजावर क्षेपणास्त्र पडून एक अभियंता मारला गेला. त्यानंतर भारतीय खलाशांना बसने बाहेर काढले गेले. एप्रिल २०२४ मध्ये इराणने ‘एमएससी एरिस’ ताब्यात घेतले तेव्हा २५ पैकी १७ खलाशी भारतीय होते. ते टप्प्याटप्प्याने सुटले. येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी पळवलेल्या ‘गॅलक्सी लीडर’वरचे २५ जण मात्र नोव्हेंबर २०२३ पासून जानेवारी २०२५ पर्यंत बंदिवासात राहिले.

नियम कागदावर बरे आहेत. २००६ चा सागरी श्रमिक करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. खलाशाला घरी पोचवण्याची जबाबदारी त्याने मालकावर टाकली आणि मालकाने टाकून दिले तर विम्याची तरतूद केली. आंतरराष्ट्रीय कामगार-मालक करारांनी युद्धक्षेत्र म्हणून घोषित पट्ट्यात जायला नकार देण्याचा हक्क आणि गेल्यास जादा वेतन दिले. मालकांच्या संघटनांना ही व्यवस्था पुरेशी वाटते. खलाशांच्या संघटनांचा अनुभव वेगळा आहे. नकार देणाऱ्याला पुढचे कॉन्ट्रॅक्ट मिळत नाही, हे सीडीसी, म्हणजे खलाशाचे नोंदपुस्तक, खिशात असलेला प्रत्येक जण जाणतो. जादा वेतन पाहून जाणारेही असतातच. घराचे कर्ज असेल तर दुप्पट पगार नाकारणे सोपे नाही. शिवाय हे करार सगळ्या बोटींना लागू नाहीत. स्वस्त झेंड्याखालच्या जुन्या टँकरवर गेलेल्या पोराला त्यांचा काही उपयोग होत नाही.

पासपोर्ट कुठला?

हा प्रश्न गोव्याचा स्वतःचा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिक होता येते. तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जाते, हातात उरते ते ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. सासष्टी-बार्देशच्या मानाने पेडणे-डिचोलीत हे प्रमाण कमी असले तरी प्रकरणे इथेही आहेत. असा माणूस युद्धात सापडला तर भारतीय दूतावासाची यादी त्याच्यासाठी नाही, आणि पोर्तुगालचा दूतावास प्रत्येक देशात नाही. २०१५ च्या निर्देशानुसार युरोपीय संघातल्या दुसऱ्या कोणत्याही देशाच्या दूतावासाकडे तो मदत मागू शकतो. मात्र ही सोय आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल, याची शंकाच आहे. आणखी अवघड, एकाच घरात नवरा पोर्तुगीज, बायको भारतीय आणि मुलाचे कागद अर्धवट. सुटकेच्या रांगेत कुटुंब तोडायचे का? व्यवहारात अधिकारी माणुसकीने वागतात. येमेनमध्ये भारताने परक्यांनाही आणलेच. तरीही धोरण लेखी नसले की सगळे त्या क्षणी टेबलापलीकडे कोण बसला आहे त्यावर ठरते.

मागे उरलेले

सुटकेच्या सगळ्या चर्चेत एक गृहीत असते, की परत न्यायला कोणी तरी देश आहे. सुमीतून भारतीय विद्यार्थी निघाले, सुमीचे रहिवासी राहिले. त्यांच्यासाठी उरते ती मदत.

चौथ्या जिनिव्हा कराराच्या १७ व्या कलमात वेढलेल्या भागातून जखमी, वृद्ध, मुले आणि बाळंतिणींना बाहेर काढण्यासाठी स्थानिक करार करण्याचा प्रयत्न करावा, असे म्हटले आहे. ‘प्रयत्न करावा’ यावरच ते थांबते. २३ वे कलम औषधांना आणि लहान मुले व गरोदर स्त्रियांसाठीच्या अन्नाला वाट द्यायला सांगते, पण माल शत्रूच्या हाती पडेल अशी शंका असेल तर अडवण्याची मुभाही देते. १९७७ च्या पहिल्या पुरवणी कराराने नागरिकांना उपाशी ठेवण्याला युद्धाचे साधन म्हणून स्पष्ट बंदी घातली. भारत या पुरवणी करारात सामील नाही. अंतर्गत संघर्षात बाहेरच्यांची ढवळाढवळ नको, हे त्यामागचे नेहमी सांगितले जाणारे कारण.

‘सुरक्षित मार्गां’विषयी मदतसंस्थांतच दुमत आहे. काहींच्या मते काही तासांची वाटही शेकडो जीव वाचवते, मिळेल ती घ्यावी. इतरांना भीती वाटते की वाट जाहीर झाली की मागे राहिलेला प्रत्येक जण लढवय्या धरला जातो आणि भाग रिकामा करण्याचे ते सोयीचे साधन बनते. सिरिया आणि मारियुपोलमधल्या अनुभवाने दोन्ही बाजूंना दाखले पुरवले. गाझात तर बाहेर पडण्याची वाटच रफाच्या एका फाटकावर येऊन थांबली. भारताने ऑक्टोबर २०२३ मध्ये इजिप्तच्या अल-अरिश विमानतळावर साडेसहा टन वैद्यकीय आणि ३२ टन आपत्ती साहित्य उतरवले. मदत देणाऱ्या देशाचे काम तिथे संपते. फाटक उघडणे त्याच्या हातात नसते. मदतीचे काम करणाराही सुरक्षित राहत नाही. भारतीय लष्करातून निवृत्त होऊन संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात गेलेले कर्नल वैभव काळे १३ मे २०२४ ला रफामध्ये, संयुक्त राष्ट्रांच्याच गाडीवर झालेल्या हल्ल्यात मारले गेले.

परतल्यावर

विमानतळावर हार घातले जातात, कॅमेरे निघून जातात. कुवेतहून परतलेल्यांच्या बाबतीत त्यानंतरची व्यवस्था, उशिरा का होईना, उभी राहिली. सुरक्षा परिषदेने १९९१ मध्ये नुकसानभरपाई आयोग नेमला आणि इराकच्या तेलाच्या उत्पन्नातला वाटा त्याला दिला. नुसते देश सोडून जावे लागल्याबद्दल व्यक्तीला ४,००० आणि कुटुंबाला ८,००० डॉलरपर्यंत ठरावीक रक्कम होती, पगार आणि मालमत्तेचे दावे वेगळे. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये चुकता झाला तोवर एकूण ५२ अब्ज डॉलरहून अधिक वाटले गेले होते. अशी भरपाई त्यानंतरच्या एकाही युद्धात भारतीयांना मिळाली नाही. कारण उघड आहे. इराक हरला होता आणि त्याच्याकडे तेल होते.

युक्रेनहून परतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची कथा अजून ताजी आहे. त्यांना इथल्या महाविद्यालयांत सामावून घ्यावे, ही मागणी सरकारने कायद्यात तरतूद नाही म्हणून नाकारली. नीटमध्ये कमी गुण मिळवून बाहेर गेलेल्यांना मागच्या दाराने प्रवेश कसा द्यायचा, हा इथल्या विद्यार्थ्यांचा आक्षेपही गैर नव्हता. मग दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात बदली करून घेण्याला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हरकत नसल्याचे कळवले. शेवटच्या टप्प्यातल्यांना अंतिम परीक्षा इथे एकदाच देण्याचा पर्याय मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला गेला. काहींनी जॉर्जिया किंवा उझबेकिस्तान गाठले, काही युद्ध चालू असतानाच युक्रेनला परत गेले.

आखातातल्या कामगाराला तेवढाही मंच नाही. थकलेला पगार, सेवेअखेरचे पैसे, मालकाकडे राहिलेले कागद यांसाठी त्याने इथून पाठपुरावा कसा करायचा? लिबिया आणि येमेनहून परतलेल्यांपैकी कितीतरी जण वाट मोकळी होताच पुन्हा तिकडे गेले, ते याच कारणाने. १९८३ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचा मसुदा सरकारने २०२१ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवला. दुसऱ्या मसुद्यात परतणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा विचार आहे. संकटकाळी नागरिकाला नेमके काय मागता येईल, बोटीवर गेलेला आणि ओसीआय कार्डवाला त्यात कुठे बसतो, राज्य सरकारने वेगळी यादी ठेवायची की केंद्राच्या नोंदणीवर विसंबायचे, हे मुद्दे अजून संसदेत यायचे आहेत.